अमेरिकेत मोटार वाहून नेण्यासाठी ट्रेलर निवडताना

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मोटार वाहून नेणाऱ्या ट्रेलरची गरज साधारणपणे ठरावीक कारणांनी पडते. नोकरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते आणि घरातली दुसरी गाडी चालवत न्यायला माणूस नसतो. कोणाला दुरुस्तीच्या हौसेपायी घेतलेली, सुरूही न होणारी जुनी मस्टँग घरी आणायची असते. तर कोणी मियाटा ही माझदाची छोटी स्पोर्ट्स कार घेऊन सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर जातो. भारतात अशा वेळी आपण कार कॅरियरवाल्याला फोन करून मोकळे होतो, त्यामुळे स्वतःच्या गाडीमागे ट्रेलर जोडून शेकडो मैल जाण्याचा अनुभव आपल्यापैकी फार थोड्यांच्या गाठीशी असतो. दुकानात गेल्यावर मग नजर ट्रेलरच्या लांबीवर आणि किमतीवर जाते. या दोन्ही गोष्टी शेवटी पाहायच्या आहेत. आधी वजनांचा हिशेब कागदावर मांडावा, आणि तो ट्रेलरपासून नव्हे, तर वाहून न्यायच्या मोटारीपासून सुरू करावा.

वजनांचा हिशेब

प्रत्येक ट्रेलरच्या पुढच्या बाजूला एक पट्टी लावलेली असते आणि तिच्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रेलरचे मालासकट कमाल अनुज्ञेय वजन, लिहिलेले असते. या आकड्यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरलेले असते, ही बाब विक्रेता आपण होऊन सांगेलच असे नाही. बाजारात सर्वांत जास्त दिसणारा दोन ॲक्सलचा (चाकांच्या आसांचा) उघडा ट्रेलर ७,००० पौंडांचा असतो, कारण त्याचा प्रत्येक ॲक्सल ३,५०० पौंडांचा असतो. अठरा फुटी लोखंडी ट्रेलर रिकामा असताना सुमारे २,००० पौंड भरतो, म्हणजे मोटारीसाठी आणि तिच्याबरोबरच्या सामानासाठी प्रत्यक्षात ५,००० पौंडच उरतात. मियाटाचे वजन २,४०० पौंडांच्या आसपास, कॅमरीचे साधारण ३,४०० पौंड, टेस्ला मॉडेल थ्रीचे सुमारे ४,००० आणि मॉडेल वायचे त्याहून काहीशे पौंड अधिक असते. या सगळ्या गाड्या अशा ट्रेलरवर बसतात. मात्र विजेवर चालणारा पिकअप सहा हजार पौंडांच्या पुढे जात असल्याने त्याचा इथे विचारच करू नये. त्यासाठी ५,२०० पौंडांच्या दोन ॲक्सलचा, दहा हजारांच्या वर्गातला ट्रेलर लागतो आणि तो रिकामाच अडीच हजार पौंडांच्या पुढे असतो. आज साधी सेडान असली तरी दोन वर्षांनी घरात विजेची एसयूव्ही येणार असेल, तर हा मोठा वर्ग आत्ताच घेणे मला शहाणपणाचे वाटते, अर्थात ओढणारी गाडी तेवढी समर्थ असेल तर.

ओढणाऱ्या गाडीच्या बाबतीत जाहिरातीतला आकडा फारसा उपयोगाचा नसतो. सिएना किंवा ओडिसीसारख्या मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंडांपर्यंतच असल्याने ती या कामातून बाद होते. पिकअपच्या जाहिरातीत दहा-अकरा हजार पौंड लिहिलेले असते, पण बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी गाडीची स्वतःवर वजन पेलण्याची मर्यादा, म्हणजे पेलोड, संपते. तिचा खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या लेबलवर असतो. माणसे आणि सामान मिळून एकूण वजन इतक्या पौंडांपेक्षा जास्त नसावे, असे तिथे लिहिलेले असते. एकाच मॉडेलच्या दोन पिकअपमध्येही चामड्याची आसने, काचेचे छत, चारही चाकांचा ड्राइव्ह अशा सोयींमुळे हा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून तो माहितीपत्रकातून न घेता आपल्याच दारावरून उतरवून घ्यावा.

समजा लेबलवर १,४५० पौंड लिहिलेले आहेत. ट्रेलर २,१०० पौंड, मोटार ३,९०० पौंड, आणि पट्टे, जॅक, जादा चाक व अवजारे मिळून २५० पौंड धरले, तर ओढायचे वजन ६,२५० पौंड होते. त्यातला सुमारे १२ टक्के भार, म्हणजे ७५० पौंड, ट्रेलरच्या दांडीतून पिकअपच्या मागच्या भागावर येतो. उरले ७०० पौंड. घरातली चार माणसे ५८० पौंडांची धरली, की सामानासाठी १२० पौंड राहतात आणि त्यातून हिचच्या, म्हणजे पिकअपमागे ट्रेलर अडकवायच्या, जोडणीचे ४०-५० पौंड वजा करावे लागतात. इतके झाल्यावर डिकीत तांदळाची पोती आणि पुस्तकांची खोकी भरायला जागा असली तरी परवानगी उरलेली नसते. हाच हिशेब अॅल्युमिनियमच्या ट्रेलरने केला, तर पाचशेच्या आसपास पौंड वाचतात आणि दांडीवरचा भार साठेक पौंडांनी कमी होतो. अॅल्युमिनियमसाठी मोजावे लागणारे जादा पैसे कधी योग्य ठरतात, ते अशा मांडणीतूनच कळते. रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांत तो गंजत नाही, हा फायदा वेगळाच.

दांडीवरचा भार

बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला, तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाला, तर बैल दबतात. ट्रेलरचे गणित तेच आहे, फक्त ताशी साठ मैलांना त्याची शिक्षा अधिक कडक असते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा. तो दहा टक्क्यांच्या खाली गेला, की ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावू लागतो, आणि एकदा हेलकावे वाढले की ते ओढणाऱ्या गाडीलाही आपल्याबरोबर फिरवतात. म्हणून ट्रेलर निवडताना त्यावर मोटार पुढेमागे सरकवायला जागा आहे का, हे पाहावे. बहुतेक मोटारींचे इंजिन पुढे असते आणि त्यांचे अर्ध्याहून अधिक वजन पुढच्या चाकांवर असते, त्यामुळे त्या तोंड पुढे करून चढवतात. मागे इंजिन असलेली पोर्श ९११ मात्र उलटी चढवावी लागू शकते. कॅमरी सोळा फूट लांब असल्याने ट्रेलरच्या अठरा फुटी पाटावर, म्हणजे मोटार उभी राहते त्या सपाट भागावर, तिला पुढेमागे करायला जेमतेम दोन फूट मिळतात. वेगवेगळ्या गाड्या न्यायच्या असतील, तर वीस फुटी ट्रेलर घ्यावा. योग्य जागा सापडली, की चाकांच्या रेषेत पाटावर रंगाने खूण करून ठेवावी, आणि पहिल्या फेरीत ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर जाऊन ॲक्सलनिहाय वजन करून घ्यावे. त्याला थोडेच डॉलर लागतात आणि वरच्या हिशेबातले अंदाज खरे होते की नाही ते तिथे छापील कागदावर मिळते.

हिचवरही दोन आकडे असतात, साध्या जोडणीचा आणि वजन विभागणाऱ्या, म्हणजे दांडीवरचा भार ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या, जोडणीचा. अनेक पिकअपमध्ये ओढायचे वजन ५,००० पौंडांच्या पुढे गेले की उत्पादक दुसऱ्या प्रकारची जोडणी सांगतो, आणि मोटार चढवलेला ट्रेलर ही सीमा सहज ओलांडतो. ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्या बॉलच्या मापाकडेही लक्ष द्यावे. सात हजारांच्या ट्रेलरला बहुधा दोन इंची बॉल लागतो, तर मोठ्यांना सव्वादोन इंचांहून किंचित मोठा, म्हणजे दोन पूर्णांक पाच षोडशांश इंचांचा. मोठ्या कपलरखाली, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या दांडीच्या टोकाखाली, दोन इंची बॉल ठेवला, तर कुलूप लागल्यासारखे वाटते, ट्रेलर गल्लीत निमूटपणे चालतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटतो.

पाट, रॅम्प आणि दार

मोटार चढवण्याचा प्रश्न बहुतेकांना खरेदीनंतरच कळतो. पाट जमिनीपासून सुमारे २४ इंच उंच आणि रॅम्प पाच फुटी असेल, तर चढ साडेतेवीस अंशांच्या आसपास होतो. उंच एसयूव्ही त्यावर आरामात चढते, पण खाली बसलेल्या स्पोर्ट्स कारचा पुढचा बंपर रॅम्पला टेकतो, किंवा पुढची चाके वर पोचल्यावर पोट पाटाच्या कडेला घासते. म्हणून मागचे दोन-एक फूट खाली उतरते असलेला, डव्हटेल पद्धतीचा पाट घ्यावा. कड पाच इंचांनी खाली आली तर तोच रॅम्प साडेअठरा अंशांवर येतो, आणि रॅम्पपुढे दोन जाड फळ्या टाकल्या की उरलेली अडचणही बहुधा सुटते. संपूर्ण पाटच कलणारा ट्रेलर याहून सोयीचा, पण अधिक जड आणि महाग असतो. चढवताना मोटारीचे वजन आधी ट्रेलरच्या शेपटीवर येते आणि दांडी वर उचलली जाऊ पाहते, त्यामुळे ट्रेलर नेहमी ओढणाऱ्या गाडीला जोडलेला असावा, तिचा हँडब्रेक ओढलेला असावा, आणि शेवटाखाली आधार देणारे पाय असलेला ट्रेलर मिळाल्यास उत्तम. सुरू न होणारी गाडी न्यायची असेल, तर पुढे विजेची विंच, म्हणजे गाडी दोराने वर ओढणारे यंत्र, बसवण्यासाठी पक्की पट्टी हवी.

रुंदीचे गणित वेगळे आहे. रस्त्यावर ट्रेलरची कमाल रुंदी १०२ इंच असते, आणि चाके पाटाच्या बाजूला असल्याने दोन मडगार्डांमध्ये ८२-८३ इंच मोकळे राहतात. मोटार आत मावते, पण दार मडगार्डला अडते आणि चालक खिडकीतून बाहेर पडतो. काढता येणारे किंवा मोटारीने वरून जाण्याइतके भक्कम मडगार्ड हा त्यावरचा उपाय. बंद ट्रेलर धूळ, पाऊस आणि चोरांपासून मोटारीचे रक्षण करतो, पण चोवीस फुटी बंद ट्रेलर रिकामाच साडेतीन-चार हजार पौंडांचा असतो आणि समोरच्या वाऱ्याला सबंध भिंत देतो. साध्या पिकअपमागे तो लावू नये असेच माझे मत आहे. तरीही घ्यायचाच झाला, तर बाजूचे दार मोटारीच्या दारासमोर येते का आणि मागच्या रॅम्प-दाराची वजनमर्यादा किती आहे, हे पाहावे.

ब्रेक, टायर आणि पट्टे

ट्रेलरला किती वजनापासून ब्रेक सक्तीचे, हे प्रत्येक राज्य ठरवते. अनेक राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंड आहे, तर काही राज्यांत ती याहून कमी आहे. मोटारीच्या ट्रेलरसाठी कायद्याची वाट पाहू नये आणि दोन्ही ॲक्सलवर विजेचे ब्रेक असलेलाच घ्यावा, कारण काही स्वस्त ट्रेलरमध्ये ते एकाच ॲक्सलवर असतात. ओढणाऱ्या गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो, आणि तो ती गाडी मंदावेल त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावणारा असावा. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच आणि त्याची छोटी बॅटरी चालू आहे, हे पिन ओढून समोर तपासून घ्यावे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, हे तिथून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

टायरवर ST, म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर, अशी अक्षरे असावीत. ST च्या जागी प्रवासी मोटारीचे टायर बसवलेला जुना ट्रेलर दिसला, तर बाकीची डागडुजीही तशीच केलेली असणार. सात हजारांच्या ट्रेलरला पंधरा इंची, लोड रेंज सी (भार पेलण्याची श्रेणी) चे टायर येतात आणि प्रत्येकी १,८२० पौंड पेलतात. चारांची बेरीज ७,२८० होते, म्हणजे उसंत फारच थोडी. लोड रेंज डी चे टायर प्रत्येकी २,१५० पौंड घेतात, तेव्हा थोडे पैसे घालून ते बसवून घ्यावेत, मात्र रिम तेवढा दाब सोसणारी आहे याची खात्री करावी. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हात वयाने मरतात. बाजूवरच्या शेवटच्या चार अंकांतून आठवडा आणि वर्ष कळते, आणि पाच-सहा वर्षांपुढचे टायर नक्षी कोरी दिसली तरी बदलावेत.

पट्टे अडकवण्याच्या कड्या फळ्यांवर नव्हे, तर चौकटीवर वेल्ड केलेल्या असाव्यात. दोन इंची रॅचेट पट्ट्याची कामाची क्षमता ३,३३३ पौंड, म्हणजे तुटण्याच्या क्षमतेच्या एक तृतीयांश, असते. चारही टायरांवरून जाणारे चार पट्टे लावले, की मोटार पाटाला बांधली जाते आणि तिचे सस्पेन्शन मोकळे राहते. पहिल्या काही मैलांनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत.

भाडे की खरेदी

एकाच स्थलांतरासाठी ट्रेलर विकत घेऊ नये. ट्रक आणि ट्रेलर भाड्याने देणाऱ्या यू-हॉल कंपनीचा चारही चाके वर घेणारा ट्रेलर २,२१० पौंडांचा असून ५,२९० पौंडांपर्यंत मोटार घेतो, आणि भाड्याने देताना ते दोन्ही गाड्यांचे मॉडेल विचारून जोडी जमत नसल्यास नकार देतात, ज्यामुळे हिशेबातली चूक तिथेच पकडली जाते. फक्त पुढची चाके उचलणारी डॉली स्वस्त पडते, पण मागच्या चाकांवर किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या, तसेच विजेच्या मोटारीसाठी ती सहसा चालत नाही.

जुना ट्रेलर घेताना दांडी जिथे चौकटीला मिळते तिथल्या आणि स्प्रिंगच्या आधारांजवळच्या वेल्डमध्ये तडे आहेत का ते टॉर्च घेऊन पाहावे, एकाच बाजूने झिजलेल्या टायरवरून वाकलेला ॲक्सल ओळखावा, आणि थोडे ओढून आणल्यावर चाकांच्या मध्यभागी हात धरून एखादे बेअरिंग इतरांपेक्षा जास्त तापले आहे का ते तपासावे. नवा घेताना राष्ट्रीय ट्रेलर उत्पादक संघटनेचे, म्हणजे एनएटीएमचे, लेबल असल्यास बरे. दहा हजारांच्या वर्गातले अनेक ट्रेलर मुद्दाम ९,९९० पौंडांचे नोंदवलेले असतात, कारण दहा हजारांच्या वर परवान्याचे आणि व्यावसायिक वाहतुकीचे नियम बदलू लागतात. आपल्या राज्यात आपल्या परवान्यावर काय चालते, ते मोटार वाहन विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. पैसे देण्यापूर्वी चौकटीवर कोरलेला व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, आणि मालकीच्या कागदावरचा व्हीआयएन अंकन् अंक जुळवून पाहावा, आणि ट्रेलरच्या पुढची पट्टी खरवडलेली किंवा नव्याने रिव्हेट केलेली दिसली, तर सौदा तिथेच सोडून द्यावा.