चेंडू चढवायचं यंत्र: आधी तोंड बांधा, मग चाक

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातू ओतून कास्टिंग बनवायच्या कारखान्यात) मी मेंटेनन्स बघतो. साच्यातून कास्टिंग सुटं झालं की उरलेली वाळू पट्ट्यावरून येते, बकेट एलेव्हेटर ती वर नेतो, हॉपरमध्ये (खाली निमुळत्या होत जाणाऱ्या टाकीत) टाकतो आणि हॉपरमधून ती पुन्हा मोल्डिंग मशिनवर उतरते. दिवसभर हेच चक्र. घरी पुतण्याच्या लेगो टेक्निकच्या (गिअर आणि दांड्यांच्या लेगोच्या) डब्यातून आम्ही जी यंत्रं बनवतो ती हेच काम करतात, फक्त वाळूऐवजी १४ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे चेंडू असतात. त्या चेंडूंवर फुटबॉलची नक्षी छापलेली असते. कोल्हापुरातल्या पोरांना एवढं पुरतं, पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

डब्यावर चित्र क्रेनचं असतं. ती क्रेन एकदा पुस्तकात बघून जरूर बनवा, कारण त्यातच कुठला तुकडा काय काम करतो ते हाताला कळतं. मग मोडा. त्याच तुकड्यांतून दुसरं काही बनवायचं, याला या नादातली माणसं आल्टरनेट बिल्ड म्हणतात. बाहेरचा एकही तुकडा घ्यायचा नाही हा त्यातला कडक नियम. आम्ही दोनच गोष्टी बाहेरच्या चालवतो: चेंडू, आणि डब्यात नसेल तर मोटर. बाकी सगळं त्याच डब्यातलं. हा नियम पाळाच. तुकडे कमी पडले की डोकं चालायला लागतं. मडगार्डचं बकेट होतं, टायर काढलेल्या रिमचा खड्डा होतो, क्रेनच्या हाताचे बीम (भोकं असलेल्या पट्ट्या) जिना होतात.

पहिली संध्याकाळ फक्त मोजणीला द्या. जेवणाची ताटं घ्या आणि गिअर, ॲक्सल (दांडे), बीम, पॅनल (चपटे पत्रे), जोडायच्या पिना वेगवेगळ्या ताटांत काढा. गिअर दात्यांप्रमाणे लावा: ८, १२, १६, २०, २४, ३६, ४०. ॲक्सल लांबीप्रमाणे. डब्यात सगळ्यात कमी काय आहे ते वहीत सगळ्यात वर लिहा. बहुतेक वेळा ते पॅनल असतात किंवा लांब ॲक्सल. यंत्राचा आराखडा त्या कमी असलेल्या तुकड्यांपासून सुरू करायचा. बीम आणि पिना शेवटपर्यंत पुरतात, त्यांची काळजी करू नका.

जोडायचं असेल तर माप एक हवं

अशी यंत्रं एकापुढे एक लावून लांबच लांब साखळी करायची पद्धत जगभर आहे. तिला ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन म्हणतात. तिचे ठरलेले नियम आहेत आणि ते मला फार आवडतात, कारण ते कामाच्या माणसांनी केलेले वाटतात. प्रत्येक यंत्राला घ्यायची टोपली असते, बाहेरून १० बाय १० स्टड (लेगोच्या तुकड्यावरच्या गोल टिकल्या), आतून ८ बाय ८, आणि तिची कड लेगोच्या १० विटा उंचीवर. यंत्राने सरासरी सेकंदाला एक चेंडू पुढे सारायचा. एका वेळी ३० पेक्षा जास्त चेंडू पुढच्याच्या टोपलीत ओतायचे नाहीत. बस्स. आत काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

टोपलीचं माप हिशेबात कसं बसतं बघा. एक स्टड ८ मिलिमीटरचा, म्हणजे आत ६४ बाय ६४ मिलिमीटर जागा. १४ चे चार चेंडू शेजारी ठेवले की ५६ होतात. एका थरात चार चोक सोळा, दोन थरांत ३२. मागच्याने एकदम ३० ओतले तरी दोन थरांत मावतात.

गल्लीत दुसऱ्या कुणाकडे डबा असेल तर हे माप पहिल्या दिवसापासून पाळा. गणपतीत दोन-तीन घरांची यंत्रं एका टेबलावर आणून जोडली की राजारामपुरीतल्या मंडळाच्या तांत्रिक देखाव्याइतकी गर्दी पोरं जमवतात.

तोंड

नवीन माणूस चेंडू वर नेणाऱ्या चाकापासून सुरुवात करतो, कारण चाक दिसायला छान. मी तुम्हाला आग्रहाने सांगतो, आधी तोंड बांधा. चेंडू टोपलीतून यंत्रात शिरतो ती जागा म्हणजे तोंड. यंत्र थांबतं ते दहातल्या नऊ वेळा तिथेच. फाउंड्रीतही तसंच आहे. एलेव्हेटर बिचारा चालत असतो आणि हॉपरमध्ये वाळूची कमान धरलेली असते. खाली रिकामं, वर भरलेलं, मध्ये काही हलत नाही. मग कुणीतरी घण घेऊन हॉपरला ठोकत बसतो.

चेंडूंचीही अशीच कमान धरते. दोन्ही बाजूंनी सारखा उतार देऊन मध्ये एका चेंडूपुरतं भोक ठेवलंत, की दोन चेंडू दोन बाजूंनी एकदम येतात आणि एकमेकांना दाबून बसतात. एसटीच्या दारात दोघं एकदम घुसले की होतं तसं. मागून जोर वाढला की ते आणखी घट्ट बसतात.

यावर उपाय असा. उतार दोन बाजूंनी देऊ नका. टोपलीची एक भिंत सरळ उभी ठेवा आणि तळ त्या भिंतीच्या एका कोपऱ्याकडे उतरता करा. भोक त्या कोपऱ्यात, १६ मिलिमीटर म्हणजे दोन स्टड रुंद. चेंडू १४ चा, प्ले (मोकळी जागा) २ चा. यापेक्षा रुंद केलंत तर दीड चेंडूची जागा होते आणि तीच सगळ्यात वाईट. एवढं करूनही तासाभरात कधीतरी कमान धरतेच, म्हणून तोंडाशी काहीतरी हलतं ठेवा. आम्ही चाकाच्याच शाफ्टवर एक छोटा हात बसवतो आणि त्याचं टोक टोपलीच्या तळातल्या फटीतून दर फेऱ्याला एकदा वर येऊन जातं. चेंडूला नुसतं कोपर लागल्यासारखं होतं. त्याला वेगळी मोटर लागत नाही आणि कमान टिकत नाही.

तोंड बांधून झालं की बाकी यंत्र नसतानाच तपासा. टोपलीत ३० चेंडू ओता, तो छोटा हात बोटाने फिरवा आणि सगळे एकेक करून बाहेर येतात का बघा. पुन्हा ओता. सलग दहा वेळा टोपली पूर्ण रिकामी झाली की मगच चाकाला हात लावा. पोरं कंटाळतात, त्यांना चाक फिरलेलं बघायचं असतं. तरी थांबवा.

चढवण्याचे प्रकार

सगळ्यात सोपं म्हणजे खड्ड्यांचं चाक. १२० अंशांचे तीन टोकांचे दोन कनेक्टर एकाच ॲक्सलवर ६० अंशांनी फिरवून लावले की सहा हात मिळतात. प्रत्येक हाताच्या टोकाला मडगार्ड किंवा छोटं पॅनल लावून खड्डा करा. खड्ड्याचा तळ बाहेर पडायच्या बाजूला जरा कलता हवा. त्या बाजूला वरपर्यंत भिंत ठेवा, म्हणजे चढताना चेंडू सांडत नाही, आणि भिंत जिथे संपते तिथे तो आपोआप रुळावर उतरतो.

वेग अंदाजाने ठरवू नका, गणित करा. पॉवर फंक्शन्स या लेगोच्या जुन्या मोटर-संचातली मध्यम मोटर ९ व्होल्टवर बिनलोड मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. वर्म (स्क्रूसारखा गिअर, त्याच्या एका फेऱ्याला समोरचा गिअर एक दाता सरकतो) आणि ४० दात्यांचा गिअर लावला की चाळीसला एक, म्हणजे चाक मिनिटाला १० फेरे. सहा खड्डे, साठ चेंडू, सेकंदाला बरोबर एक. पण हे कागदावर. लोड आला की वेग पडतो, आणि चार्जिंगचे सेल वापरलेत तर प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, सहा मिळून ७.२ च होतात. मग मोटर ३२० च्या आसपास, चाक ८ फेरे, चेंडू ४८. टोपली हळूहळू भरत जाते आणि शेवटी सांडते. म्हणून आम्ही २४ दात्यांचा गिअर घेतो. ३२० भागिले २४ म्हणजे तेरा फेरे आणि वर थोडं, सहा खड्ड्यांनी मिनिटाला ऐंशीच्या घरात चेंडू. लोडने वीस टक्के खाल्ले तरी साठाच्या वर राहतो. काही खड्डे रिकामे गेले तर जाऊ द्या, यंत्राची ताकद नेहमी गरजेपेक्षा जास्तच असावी.

वर्मचा मोठा फायदा म्हणजे वीज गेली तरी चाक उलटं फिरत नाही, भरलेले खड्डे जागेवर राहतात. तोटा असा, की चेंडू अडकला तर वर्म दया करत नाही. ॲक्सल पिळतो, नाहीतर गिअरचे दाते जातात. डब्यात २४ दात्यांचा पांढरा क्लच गिअर असेल तर वर्मखाली तोच लावा. त्याच्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असं कोरलेलं असतं. त्याच्यापुढे जोर गेला की तो आतल्या आत घसरतो, टकटक आवाज करतो आणि बाकी सगळं वाचवतो. तो आवाज आला की लगेच मोटर बंद करून अडकलेला चेंडू शोधायचा.

दुसरा प्रकार जिना. माझा सगळ्यात आवडता. एक पायरी स्थिर, एक वरखाली होणारी, पुन्हा एक स्थिर. चेंडू खालच्या पायरीवरून हलत्या पायरीवर घरंगळतो, ती वर जाते, तो पुढच्या स्थिर पायरीवर उतरतो. हलत्या पायऱ्या सगळ्या एकाच चौकटीवर असतात आणि चौकट क्रँकवर, म्हणजे मधापासून बाजूला पिन असलेल्या फिरत्या हातावर. क्रँक एक भोक बाजूला धरलात म्हणजे ८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे वरखाली होण्याचं अंतर, मिळतो १६. दोन स्थिर पायऱ्यांमधला चढ एका विटेएवढा, ९.६ ठेवा. उरलेले ६.४ उतारांसाठी वापरायचे, कारण प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला कल लागतोच.

जिन्यात एक जागा नीट बघा. हलती पायरी वर गेली की तिच्याखाली पोकळी होते. मागचा चेंडू त्या पोकळीत डोकं घालतो, पायरी खाली येते आणि त्याच्यावर बसते. यंत्र बंद. म्हणून हलत्या पायरीला मागच्या बाजूने खालपर्यंत लोंबणारी सलग भिंत द्या, पूर्ण स्ट्रोकइतकी, म्हणजे किमान १६ मिलिमीटर. पायरी वर असताना मागच्या चेंडूला ती भिंतच दिसली पाहिजे. शेजारच्या भिंती घासत असतील तर बारीक फट ठेवा, पण बीम डुलायला नको. चौकटीला दोन्ही बाजूंनी गाइड लावा.

तिसरा प्रकार पट्ट्याचा, आमच्या एलेव्हेटरसारखा. ज्या डब्यात क्रॉलरवर (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर) चालणारं मशिन आहे त्यात रुंद कड्यांचा पट्टा मिळतो, कड्यांना भोकं असतात, त्यात पिना मारून बकेट लावता येतात. २०१६ सालचा ४२०५५ क्रमांकाचा बकेट व्हील एक्सकॅव्हेटर मिळाला तर सोनंच, पण त्यात ३९२९ तुकडे आहेत आणि किंमतही तशीच. पट्टा ताठ नको, लोंबताही नको. वरच्या शाफ्टचं बेअरिंग एक भोक वरखाली सरकवता येईल असं बांधा, म्हणजे ताण नंतर बसवता येतो.

रुळासाठी पॅनल संपले तर दोन ॲक्सल समांतर लावा, मधोमध अंतर १६ मिलिमीटर. चेंडू दोघांच्या मध्ये छान बसतो, पडत नाही. आठ स्टडला एक प्लेट (लेगोचा चपटा तुकडा), म्हणजे ६४ मिलिमीटरला ३.२, हा उतार सुरुवातीला पुरतो. चेंडू सांध्यावर रेंगाळला तर उतार वाढवण्याआधी सांधा बघा. पुढचा तुकडा मागच्यापेक्षा केसभर जरी वर असला तरी चेंडू तिथेच थबकतो.

लेगो नसेल तर अडून बसू नका. लोखंडी पट्ट्यांचे नटबोल्टचे संच आपल्याकडे कधीचे मिळतात. मूळ मेकॅनो लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांचं, पेटंट १९०१ चं, आणि त्याच्या भोकांमधलं अंतर अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. शेजारशेजारच्या भोकांत दोन शाफ्ट घातले की काचेच्या गोटीसाठी रूळ तयार. तुमच्या संचाचं अंतर आणि गोटीचा व्यास मात्र व्हर्नियरने मोजून घ्या. लहान गोट्या साधारण १६ च्या असतात, पण एका पुडीतल्याही सारख्या निघत नाहीत. सगळ्यात मोठी जी निघेल तिच्यावर माप ठरवा. हीच गोटी लेगोच्या यंत्रात वापरायची असेल तर दोन स्टडची वाट पुरणार नाही, तीन स्टड लागतील. बेअरिंगचे छर्रे मात्र प्लॅस्टिकच्या यंत्रात घालू नका, फार जड पडतात.

यंत्र पुरं झालं की ३० चेंडू एकदम ओतून बघा, मग सेकंदाला एक याप्रमाणे हाताने सोडा, मग रुळाचं शेवटचं टोक परत टोपलीत वळवून तासभर चालू ठेवा आणि शेजारी बसून राहा. जिथे अडकलं ती जागा वहीत लिहा. एकाच जागी दुसऱ्यांदा अडकलं तर तो योगायोग नाही, तिथलं मोडून पुन्हा बांधा. तेल देऊ नका, धूळ धरतं. आठवड्याने शाफ्टवर गुंडाळलेले केस काढा, लांब केसांच्या घरात ते हमखास सापडतात. तीन वर्षांच्या आतलं लेकरू घरात असेल तर चेंडू मोजून डब्यात टाका आणि डबा वर ठेवा.

आणि मोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, तोंडाचा एक जवळून. त्याच डब्यातून पुढचं यंत्र वेगळं होईल, चाकाऐवजी जिना येईल, पण एकदा जमलेलं तोंड तसंच्या तसं पुन्हा वापरता येतं.