ईईजीत केऑस सापडला म्हणून लगेच पेढे वाटू नका

मी धुळ्याचा. माझी पीएचडी मिरगीच्या रुग्णांच्या ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत नोंदींवर; त्यात केऑस, म्हणजे गोंगाटासारखी दिसणारी पण ठरावीक नियमाने चालणारी हालचाल, शोधायची. हा विषय घरी सांगितला तेव्हा काकू म्हणाली, "मिरगी उनी तं कांदा सुंघाडतस, त्याले गणित कसाले?" तिला उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यातलं एक मी फुकट घालवलं.

ताकेन्सचं प्रमेय (एका सिग्नलवरून अवस्थांचा नकाशा उभा करणं), फेज स्पेस (तो नकाशा), लायापुनोव्ह घातांक (जवळच्या वाटा किती वेगाने दुरावतात) तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. सुरुवात बहुतेक बॉन विद्यापीठाच्या 2001 च्या डेटावर कराल. ईईजीचे पाच संच (ए ते ई), प्रत्येकात 100 तुकडे, एकेक तुकडा 23.6 सेकंदांचा. मीही तिथेच बसलो. झटक्याच्या, म्हणजे ई संचावर 1983 ची ग्रासबर्गर-प्रोकाचिया पद्धत चालवली आणि कोरिलेशन डायमेन्शन (सिग्नलमागे साधारण किती स्वतंत्र चल आहेत याचा अंदाज; छोटं आलं की केऑसची आशा) छोटं, गोंडस आलं. झालं! मेंदूत केऑस सापडला! गाइडांनी एवढंच विचारलं, "पेपर कधी?" (असे गाइड भेटले तर नमस्कार करा, पण आकडे दुसऱ्याला दाखवा.)

दुसऱ्या विभागातल्या एका सीनिअरने चहा पिता पिता विचारलं, "सरोगेट काढलेस?" नव्हते काढले. सरोगेट म्हणजे तुलनेसाठी केलेले नकली सिग्नल: मूळ सिग्नलचा फूरिए स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेत किती जोर) तसाच ठेवायचा, फेज तेवढ्या यादृच्छिक करायच्या आणि उलट रूपांतर करायचं. असे 19 नकली सिग्नल केले. त्यांचंही डायमेन्शन जवळपास तेवढंच! म्हणजे माझा केऑस नुसत्या रंगीत गोंगाटातूनही (स्पेक्ट्रम तोच, पण मागे नियम काही नाही) निघत होता.

चूक कुठे होती ते नीट ऐका, कारण यातच माझा अख्खा उन्हाळा गेला. ही पद्धत प्रत्येक बिंदूच्या आसपास किती बिंदू आहेत ते मोजते. शेजारी सापडला की सिग्नल फिरून त्याच अवस्थेत आला, असं आपण समजतो. पण सेकंदाला 173.61 नमुने घेतले की लागोपाठचे नमुने एकमेकांना चिकटलेलेच असतात. भुसावळहून सुटलेली पॅसेंजर आउटरला उभी आहे आणि आपण वहीत लिहितोय, 'गाडी परत भुसावळला आली.' अहो, ती अजून गेलीच नाही! म्हणून वेळेने जवळचे बिंदू मोजणीतून वगळायचे. थायलर या संशोधकाने हे 1986 मध्येच सांगून ठेवलंय. वगळायच्या या वेळेला थायलर खिडकी म्हणतात; ती ऑटोकोरिलेशनच्या काळापेक्षा (सिग्नल स्वतःसारखाच राहतो तेवढ्या वेळेपेक्षा) बरीच मोठी घ्या. तयार टूलबॉक्समध्ये ती किती धरली आहे ते स्वतः उघडून बघा. माझ्यात ती शून्य होती. खिडकी लावल्यावर माझ्या आलेखातला तो सुंदर सरळ भागच (ज्याच्या उतारावरून डायमेन्शन काढतात तो) गायब झाला. त्या रात्री मी जेवलो नाही.

घाबरू नका, विषय पोकळ नाही. बॉनच्या त्याच संशोधकांना अरेषीय नियतपणाच्या (म्हणजे मागे नुसता गोंगाट नसून नियम असल्याच्या) सर्वांत ठळक खुणा झटक्याच्या संचातच मिळाल्या होत्या. फक्त ए विरुद्ध ई असं वर्गीकरण करून 'अचूकता 100 टक्के' मिरवू नका. ए निरोगी माणसांच्या डोक्याच्या त्वचेवरून घेतलेला आहे, ई रुग्णांच्या कवटीच्या आतून. तो फरक कुणीही ओळखेल.

बॉस्टनचा सीएचबी-एमआयटी डेटा (तोही झटक्यांच्या ईईजीचा) घेतलात तर नॉच फिल्टर (घरातल्या विजेची गुणगुण काढून टाकणारा) 60 हर्ट्झचा लावा, तिकडची वीज तेवढ्याची. आपल्याकडचा 50 चा डोक्यात बसलेला असतो.

आत्ता माझ्याकडे पुन्हा एक छोटा आकडा आलाय, खिडकी लावून. सरोगेट चालू आहेत, सकाळपर्यंत होतील. लाइट नाही गेली तर.