बडोद्याहून अमेरिकेला जाताय? आईबाबांसाठी अपंग पार्किंगचं प्लॅकार्ड असं काढा

उन्हाळा आला की दांडिया बाजार, रावपुऱ्यातनं कोणी ना कोणी मुलाकडे अमेरिकेला निघतं आणि मला फोन येतो, "बाबांचं यूडीआयडी, म्हणजे सरकारी अपंगत्वाचं कार्ड आहे, ते तिथे गाडीच्या काचेत ठेवलं की झालं ना?" नाही होत. आपलं अपंगत्वाचं कार्ड अमेरिकेतही चालतं असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते अर्धंच खरं. 1991 च्या तिथल्या फेडरल नियमात दुसऱ्या देशाचं पार्किंग प्लॅकार्डही मान्य करायला सांगितलंय, पण ते प्लॅकार्ड, म्हणजे गाडीतल्या आरशाला टांगायचं पार्किंगचं कार्ड. यूडीआयडी हे खिशात ठेवायचं ओळखपत्र.

तेव्हा तिथलंच प्लॅकार्ड काढा. ज्या राज्यात जाताय तिथल्या मोटार खात्याच्या साइटवरून फॉर्म घ्या. कॅलिफोर्नियात बाहेरून आलेल्या कायम अपंग माणसाला 90 दिवसांपर्यंतचं ट्रॅव्हल प्लॅकार्ड मिळतं.

आता खरी गोची, फॉर्मवरचं डॉक्टरचं पान. आमचंही इथेच अडलं होतं. आपल्याकडे सगळं अपंगत्वाच्या टक्क्यांवर चालतं, 40 झाले की सवलती, 80 किंवा वर असले की निळं यूडीआयडी कार्ड, आणि आपण तेच सर्टिफिकेट तिथल्या डॉक्टरपुढे ठेवतो. त्याला टक्क्यांशी देणंघेणं नाही. त्याचे प्रश्न वेगळे: न थांबता 200 फूट चालता येतं का, काठी, वॉकर नाहीतर व्हीलचेअर लागते का, ऑक्सिजन लावावा लागतो का. म्हणून निघायच्या आधी आपल्या हाडांच्या डॉक्टरकडून इंग्रजीत पत्र घ्याच. आजाराचं नाव, कधीपासून, बरं होणारं आहे की कायमचं, काय धरून चालतात आणि किती चालल्यावर थांबावं लागतं. "पेशंट हॅज डिफिकल्टी इन वॉकिंग" एवढ्यावर सही करून देत असतील तर उठू नका, अंतर लिहून घ्या. 200 फूट म्हणजे साठेक मीटर, सुरसागर तळ्याच्या कठड्याकडेने एकदा चालवून बघा, कुठे टेकतात ते कळेल.

सही मात्र बहुतेक ठिकाणी तिथल्या लायसन्सवाल्या डॉक्टरचीच लागते, आणि ही व्हिजिट ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये सहसा बसत नाही, पैसे धरून ठेवा. आणि आपली म्हातारी माणसं! घरात भिंत धरून बाथरूमला जाणारे बाबा डॉक्टर दिसला की काठी बाजूला ठेवून ताठ चालून दाखवतात, "आय ॲम फाइन." झालं काम. आदल्या दिवशीच बजावून ठेवा, आणि बोलायला सोबत सूनबाई असली तर उत्तम, मुलं गप्प बसतात.

फॉर्म, पासपोर्टची कॉपी, जमा करा, मिळतं.

प्लॅकार्ड माणसाचं असतं, गाडीचं नाही. बाबा घरी असताना मुलाने ते टांगून मॉलच्या दारात अपंगांच्या जागेत गाडी लावली तर कॅलिफोर्नियात 250 ते 1,000 डॉलर दंड. गाडी चालवताना आरशावरून काढून ठेवायचं. अपंगांच्या पार्किंगशेजारी पट्टे मारलेली रिकामी जागा दिसते ती व्हीलचेअर उतरवायला असते, "जरा दोन मिनिटं" म्हणून तिथे गाडी घालू नका.

लंडनला जाणाऱ्यांनी यातलं काही धरू नका, तिथला ब्लू बॅज तिथे राहणाऱ्यांनाच, लोकल कौन्सिलकडून.