सोलापुरातनं आर्टिस्ट रेसिडेन्सीला अर्ज करायचाय? मग हे बघा
रेसिडेन्सी म्हणजे कलाकारानं काही दिवस एखाद्या संस्थेत राहून काम करायचं. पण लोकांसोबत प्रयोग करणारी रेसिडेन्सी म्हणजे नुसता फुकटचा स्टुडिओ नाही, तिथं तयार चित्रापेक्षा तुम्ही कुणासोबत काय करून बघणार हे आधी विचारतात. दिल्लीतली खोज ही कलासंस्था 1997 पासून चालू आहे, त्यांनी खिडकी गावातल्या लोकांसोबत केलेली कामं बघून घ्या म्हणजे अंदाज येतो.

आता प्रपोजल. समजा तुमचा विषय विडी वळणाऱ्या बायकांचा आहे. "विडी कामगार महिलांचे सक्षमीकरण" असलं काही लिहू नका प्लीज, बॅनर वाटतो तो. कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, तिथं जाऊन जरा बसा की. मांडीवर सूप, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबात, म्हणजे हात थांबला की पैसे थांबले. मग तुमच्या वर्कशॉपला त्या मावशींनी दोन तास दिले तर बुडालेली मजुरी कोण देणार? ती बजेटमध्ये धरा, आणि घरात तेलुगू चालत असेल तर मदतीला कोण येणार तेपण लिहा. माझ्या मते अर्जाचं खरं वजन इथंच कळतं.

प्रयोग फसला तर पुढं काय, हेही सांगा. चादरीवर प्रिंट मारून प्रदर्शन भरवू, असलं ठरलेलं उत्तर नको.

पोर्टफोलिओत आठ-दहा कामं पुरे, प्रत्येकाखाली वर्ष आणि तुम्ही नेमकं काय केलं ते टाका. फोटोतल्या लोकांना विचारलंय ना? प्रवास, राहणं, मानधन कोण देतंय नीट वाचा, अर्जालाच फी मागत असतील तर मी तरी दोनदा विचार करीन. आणि शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, साईट नेमकी तेव्हाच हँग होते.