दुर्बिणीत नुसती पानंच दिसतात?

ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसारख्या जुन्या बागेत पक्ष्यांचे आवाज भरपूर येतात, पण पावसाने झाडं अजून दाट असल्याने दिसत काहीच नाही. अशा वेळी फिरत राहण्यापेक्षा एका जागी थांबावं.

१. फळं पिकलेला उंबर शोधा. वर बघायचीही गरज नाही, खाली सडा पडलेला असतो.

२. सूर्य पाठीशी घेऊन बुंध्यापासून १५-२० पावलं लांब उभे राहा. अगदी झाडाखाली गेलात तर पक्ष्यांची पोटंच दिसतात, वर मान अवघडते ती वेगळीच.

३. फांदी हलली की नजर तिथेच रोखा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा. दुर्बिणीकडे खाली पाहिलंत की पक्षी हरवलाच.

तांबट, बुलबुल, कोकीळ सहसा येतातच. नशीब असेल तर हळद्याही. धोबी मात्र इथे शोधू नका, तो हिरवळीवर शेपटी हलवत पळत असतो. नऊच्या आत आटपा, नंतर उन्हाच्या तडाख्यात सगळे गप्प.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला समजून तो खाणं सोडून भांडायला धावतो.