वारीत अनोळखी चेहऱ्यांचे फोटो काढताय? या चुका टाळा

ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघाल्या की कॉलेजातली पोरंपोरी कॅमेरे घेऊन दिवे घाट गाठतात. शेकड्यानं फोटो निघतात, बोलणं मात्र एकाशीही होत नाही. पहिली चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातल्या.

मुळात दिवे घाट ही पोर्ट्रेटची जागा नव्हे. दृश्य झकास, पण चढावर माणसाला दम लागलेला असतो आणि मागून दिंडी रेटत असते. तिथे "माउली, एक मिनिट थांबा" म्हणणं म्हणजे अख्ख्या रांगेला खोडा. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाईंना तर मुळीच थांबवू नका. तुमचा फोकस जुळेपर्यंत ते वजन त्यांनीच पेलायचं असतं. माणसं भेटतात ती दुपारच्या विसाव्याला, नाहीतर मुक्कामी पाय चोळत बसलेली असताना.

बोलायचं काय? "गाव कुठलं? दिंडी रथापुढची की रथामागची?" एवढं पुरतं. कितवी वारी, पेरणीचं घरी कोण बघतंय, हे पुढचं ते आपणहून सांगतात.

कॅमेरा वर केला की आजोबा सावधान होतात, टोपी सारखी करतात आणि हसू पार पुसून टाकतात. "नॅचरल राहा" म्हटल्यानं ते आणखीच ताठतात. तो ताठ फोटो आधी नीट काढा. त्यांना तसंच दिसायचं असतं. मग स्क्रीनवर दाखवा. शेजारचे चारजण वाकून बघतात, "पाटील, लगीन ठरलंय का काय?" अशी चेष्टा होते, आणि हवा तो चेहरा नेमका तेव्हा समोर येतो. म्हणून दाखवून झालं की लगेच कॅमेरा बॅगेत टाकू नका.

मोठी झूम लावून लांबून टिपणाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही. ५० एमएमच्या लेन्सला जवळ जावंच लागतं, आणि जवळ गेल्यावर न विचारता फोटो काढणं जड जातं. ३५ एमएम असेल तर मात्र अगदी तोंडाशी जाऊ नका, नाक फुगतं.

फोटोत चेहरा काळा येत असेल तर दोष बहुतेक वेळा पांढऱ्या टोपी-सदऱ्याचा. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर त्या पांढऱ्याला भुलतं. एक्स्पोजर चेहऱ्यावर धरा. फोनमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवलं की झालं. भर दुपारी सावलीत या, पण निळ्या ताडपत्रीखाली नको. तिथे सगळेच निळे पडतात आणि तो रंग नंतर काढताना नाकीनऊ येतात. ताडपत्रीच्या कडेला, उघड्या बाजूकडे तोंड करून बसवा.

टँकरवरच्या अंघोळी, कपडे बदलणं, उघड्यावर झोपलेल्या बायका: इथे कॅमेरा बंद. विचारूही नका.

नाव न विचारणं ही मोठ्यांच्या हातूनही झालेली चूक. अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीनं १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत अफगाण मुलीचा फोटो काढला. तो १९८५ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला, जगभर गेला; तिचं नाव जगाला कळलं ते २००२ साली. तेव्हा नाव, गाव, दिंडी क्रमांक तिथल्या तिथे वहीत उतरवा. फोटो ऑनलाइन टाकणार असाल तर तेही आत्ताच सांगा. "माझा टाका, हिचा नको" असं उत्तर येऊ शकतं, ते पाळा.

"पाठवतो" म्हणून न पाठवणं याला मात्र माफी नाही. वारीत फोन बहुधा बंदच असतो, तेव्हा मुलाचा किंवा नातवाचा नंबर घ्या. इन्स्टॅक्ससारखा झटपट कॅमेरा असेल तर दीड-दोन मिनिटांत प्रिंट हातात देता येते. नाहीतर पोस्टाचा पत्ता घ्या. पिनकोड आठवत नसेल तर तालुका-जिल्हा तरी लिहून घ्या. पाकिटात पुठ्ठा घाला आणि एकादशी उलटल्यावरच टाका. त्याआधी आजोबा घरी पोचलेलेच नसतात.