ठकीला डॉक्टरांकडे नेताना

आमच्या ठकीचे, म्हणजे आमच्या पाळलेल्या कासवाचे, डोळे मिटलेले दिसले, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की ती झोपली आहे. चौथ्या दिवशी पापण्या फुगलेल्या दिसल्या. कासव दुखणं अंगावर काढतं. आपल्या लक्षात येईपर्यंत आजार बराच जुना झालेला असतो, म्हणून ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका. तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील किंवा पोहताना एका अंगाला कलत असेल, तर न्यूमोनियाची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी निघायचं.

निघण्याआधी फोन करा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासव तपासत नाहीत. मुंबईत पटकन परळचं बैलघोडा हॉस्पिटल आठवतं, पण तिथेही कासव बघणारे डॉक्टर कधी असतात ते आधी विचारून घ्यावं. एक्स-रेची सोय आहे का, हेही विचारा. मादी नराशिवायही अंडी धरते आणि ती अडकली तर एक्स-रेत दिसतात. कासव कुठलं तेही फोनवरच सांगा. दुकानात मिळणारं हिरवं, कानापाशी लाल पट्टा असलेलं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं. घरात स्टार कासव (पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलं) असेल, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळताच येत नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, पण भीतीपोटी त्याला उपचाराविना ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांना कासवाइतकंच त्याचं घर बघायचं असतं आणि टाकी तर उचलून नेता येत नाही. म्हणून मोबाइलवर टाकीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पाण्याचं तापमान मोजून लिहा. ऊन खायला कोरडी जागा आहे का, पाणी किती दिवसांनी बदलता, फिल्टर आहे का, तेही लिहा. यूव्हीबी दिवा (उन्हातली अतिनील किरणं देणारा) असेल तर त्याच्या खोक्याचा फोटो आणि विकत घेतल्याची तारीख हवी, कारण दिवा पेटत राहिला तरी वर्षभरात त्याची यूव्हीबी किरणं कमी होतात. ठकीची टाकी आम्ही खिडकीशी ठेवली होती आणि तिला भरपूर ऊन मिळतं असं समजत होतो. बंद काचेतून ती किरणं आत येतच नाहीत, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. खाण्याचा डबाही सोबत न्या. वर्षानुवर्षं नुसती सुकी कोळंबी खाऊन जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडतं आणि डोळे सुजतात. ठकीचं तेच झालं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहून ठेवा. पोहतानाचा व्हिडिओ काढा, कारण टेबलावर कासव पाय आत ओढून गप्प बसतं.

ताजी विष्ठा मिळाली तर स्वच्छ डबीत घ्या.

प्रवासात बादलीत पाणी भरून नेऊ नका. अशक्त कासव हेलकाव्यांत बुडू शकतं. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, तळाशी ओलसर टॉवेल, एवढं पुरे. थंडीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याबाहेर टेकवा. रिक्षाने गेलात तर वारा थेट लागू देऊ नका, गाडीने गेलात तर एसी बंद ठेवा आणि बंद गाडीत डबा सोडून उतरू नका.

दुकानदाराने दिलेले थेंब किंवा कुत्र्याचं उरलेलं औषध घरी देऊ नका. जंतांवर सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेतं. काही देऊन झालं असेल तर न लाजता सांगा, बाटलीही दाखवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यामुळे डबा हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान मुलांकडे डबा देऊ नका.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. इंजेक्शनं किती आणि किती दिवसांच्या अंतराने? डोळे उघडत नसतील तर भरवायचं कसं? दिवसातून किती तास कोरडं ठेवायचं आणि पाण्यात पुन्हा केव्हा सोडायचं? हा शेवटचा प्रश्न आमच्याकडून राहिला आणि रात्री नऊ वाजता, टॉवेलवर बसलेल्या ठकीकडे बघत, आम्हाला पुन्हा फोन लावावा लागला.